दोष कोणाच्या माथी? : युरिपिडीसचे ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ आणि अथेन्सची सभा



वसंत ऋतूत दिवस लांबतात, कामाचा रेटा थोडा सैल होतो आणि गावाला चार गोष्टी ऐकायला सवड सापडते. आपली व्याख्यानमाला याच दिवसांत भरते. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीस देशातील अथेन्स शहरातही वसंताच्या तोंडाशी लोक असेच एकत्र जमत. डायोनिसस या देवाचा तो उत्सव असे. ॲक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर हजारो माणसे सकाळपासून बसत आणि एकामागून एक नाटके पाहत. नट सगळे पुरुष; मुखवटे लावून स्त्रियांची कामेही तेच करीत. शोकनाट्यांत तीन नाटककारांची चढाओढ असे व पंच निकाल देत. पण त्याच जागी, त्याच उत्सवात, आणखी एक देखावा होत असे. अंकित शहरांकडून आलेल्या खंडणीची चांदी लोकांसमोर मांडली जाई, आणि ज्यांचे बाप लढाईत पडले अशी, शहराच्या खर्चाने वाढलेली मुले सर्वांपुढे उभी केली जात. तेव्हा तिथे बसलेला नागरिक हा नुसता प्रेक्षक नव्हता. तो एका साम्राज्याचा भागीदार होता. पुढचे सारे विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे, म्हणून ती आधी सांगितली.

इसवी सनापूर्वी ४१५ साली या उत्सवात युरिपिडीस या नाटककाराने ट्रॉयच्या युद्धकथेवर तीन नाटके ओळीने सादर केली. पहिल्या दोहोंचे आज केवळ तुकडे उरले आहेत. तिसरे ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ हे मात्र संपूर्ण आपल्या हाती आले आहे. त्या वर्षी पंचांनी त्याला दुसरे बक्षीस दिले.

मी कॉलेजात शिकलेला माणूस नव्हे, आणि ग्रीक भाषा मला येत नाही. इंग्रजी भाषांतरे, शेजारी कोश ठेवून, मी हळूहळू वाचली. माझा धंदा कामगार संघटनेचा. सभा बोलवायच्या, ठराव मांडायचे, चौकशीत कामगाराच्या बाजूने उभे राहायचे, यातच माझी उमेदीची वर्षे गेली. त्यामुळे नाटक वाचताना काव्याच्या आधी मला चौकशी दिसते. आरोप कोणावर आहे, साक्षीला कोण आहे, आणि ज्याला जाब विचारायला हवा तो खोलीत हजर तरी आहे की नाही, हे मी प्रथम पाहतो. ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ हे नाटक या दृष्टीने पाहण्याजोगे आहे, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम त्या काळचा इतिहास थोडक्यात पाहू. इ. स. पू. ४३१ मध्ये अथेन्स आणि स्पार्टा यांचे युद्ध सुरू झाले. ४२७ मध्ये स्पार्टाने प्लाटिया हे छोटे शहर वेढा घालून घेतले. शरण आलेल्या माणसांपुढे पाच न्यायाधीश बसविले. त्यांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : या युद्धात तू स्पार्टाचे व तिच्या मित्रांचे काही भले केले आहेस काय? ज्याला होय म्हणता आले नाही त्याला नेऊन मारले. दोनशेहून कमी नाहीत इतके प्लाटियाचे लोक आणि २५ अथेन्सवासी असे मेले, व स्त्रियांना गुलाम केले गेले. हिला चौकशी म्हणायचे असेल तर म्हणावे.

अथेन्सही मागे नव्हते. मिटिलीनी या शहराने बंड केले म्हणून त्याच वर्षी अथेन्सच्या सभेने तेथील सर्व प्रौढ पुरुषांना मारण्याचा आणि बायकामुलांना गुलाम करण्याचा ठराव केला. हुकूम घेऊन जहाज निघालेही. रात्र गेली, आणि लोकांच्या मनाला टोचणी लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा भरली. क्लिऑनने ठराव कायम ठेवावा म्हणून भाषण केले, डायोडोटसने विरोध केला, आणि अगदी थोड्या हातांच्या फरकाने ठराव फिरला. दुसरे जहाज धाडले. वल्हेकऱ्यांनी वल्ही न सोडता पीठ, दारू आणि तेल कालवून खाल्ले व पाळीपाळीने झोप घेतली, तेव्हा कुठे ते जहाज वेळेवर पोहोचले. बंडाचे पुढारी म्हणून धरलेल्यांना तरीही मारलेच. पण शहर वाचले. हा अथेन्सच्या सभेचा चांगला दिवस.

नंतरचे दिवस असे नव्हते. ४२१ मध्ये स्किओनी पडले. पुरुषांची कत्तल झाली आणि बायकामुले विकली गेली. ४१६ च्या उन्हाळ्यात मेलॉस बेटाची पाळी आली. मेलॉसचे लोक मुळात स्पार्टाहून येऊन वसलेले, तथापि युद्धात तटस्थ राहू इच्छिणारे. अथेन्सने ३८ जहाजे आणि ३,००० च्या वर सैनिक पाठविले. न्याय-अन्यायाच्या गोष्टी बाजूला ठेवा, तुम्ही दुबळे आहात एवढे ध्यानात घ्या, असा अथेन्सच्या वकिलांचा सूर होता. हिवाळ्यात मेलॉस शरण आले. हाती लागलेले सर्व प्रौढ पुरुष मारले, बायकामुले गुलाम म्हणून विकली, आणि पुढे ५०० अथेन्सवासी त्या जमिनीवर नेऊन वसविले.

या युद्धाचा इतिहास लिहिणारा थ्युसिडिडीझ हा अथेन्सचाच सेनापती. मिटिलीनीच्या वेळी कोण काय बोलले हे तो नावानिशी सांगतो. मेलॉसच्या ठरावाबाबत मात्र तो एकही नाव घेत नाही. ठराव कोणी मांडला, विरोधात कोणी बोलले का, काही नाही. मारले, विकले, वसविले, इतकेच. काही शतकांनंतर प्लुटार्क हा चरित्रकार सांगतो की, आल्सिबियाडीझने त्या ठरावाला पाठिंबा दिला होता, आणि पुढे त्याच मेलॉसच्या बंदिवान स्त्रियांतली एक घरी ठेवून घेतली होती. पण मुख्य गोष्ट ही की, ठराव झाला तो सभेचा. हात हजारोंनी वर केले. आणि हजारो हातांचे कृत्य कोणाच्याच नावावर लागले नाही.

मेलॉस पडल्यावर थोड्याच महिन्यांत ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ रंगभूमीवर आले. ते मेलॉसवरच लिहिले असे मी म्हणत नाही. नाटककाराला कितीतरी आधी अधिकाऱ्याकडे अर्ज करून कोरस मागावा लागे, तेव्हा लेखन बहुधा आधीच सुरू झालेले असणार. पण ते पाहणाऱ्यांच्या कानांत मेलॉसचे नाव ताजे होते, याबद्दल शंका नको.

आता नाटक पाहा. ट्रॉय पडले आहे, पुरुष सर्व मेले आहेत. ग्रीक छावणीपुढे म्हातारी राणी हेक्युबा जमिनीवर पडली आहे. तिच्याभोवती बंदिवान स्त्रिया आहेत. टॅल्थिबियस नावाचा ग्रीकांचा दूत येऊन कोणती बाई कोणाच्या वाट्याला गेली ते सांगतो. कन्या कॅसँड्रा सरसेनापती अगामेम्नॉनला, सून अँड्रोमाकी अकिलीसच्या मुलाला, आणि हेक्युबा स्वतः ओडिसियसला. मग तो पुन्हा येतो तो अँड्रोमाकीकडे. हेक्टरपासून झालेला तिचा लहानगा मुलगा अस्त्यानाक्स, त्याला तटावरून खाली टाकायचे ठरले आहे. सर्व ग्रीकांच्या सभेत ओडिसियसने बाजू मांडली व ती मान्य झाली. शूर बापाचा मुलगा वाढू देऊ नये, हे कारण.

इथे टॅल्थिबियस तिला एक सूचना देतो, तिच्याकडे माझे लक्ष प्रथमपासून वेधले गेले. फौजेला राग येईल असे काही बोलू नकोस, नाहीतर पोराला माती मिळणार नाही, असे तो बजावतो. अँड्रोमाकी ग्रीकांना एवढेच विचारते की, ज्याचा काही अपराध नाही त्या मुलाला का मारता? आणि तिथून तिची वाणी वळते ती हेलनकडे. तुझा नाश होवो, हा तळतळाट ती हेलनला देते. ठराव करणाऱ्या सभेला नव्हे. फौजेला शिव्या देण्याची किंमत तिला मुलाच्या प्रेताने मोजावी लागली असती. हेलनला शिव्या देणे फुकट होते. दोष हा पाण्यासारखा उताराने वाहतो, श्रोतेहो. जिथे धोका नाही तिथे तो जाऊन साचतो.

यानंतर येतो तो नाटकातला प्रसिद्ध वाद. हेलनचा नवरा मेनेलेअस येतो. फौजेने तिला त्याच्या हवाली केले आहे. मार, नाहीतर घरी ने. हेक्युबा म्हणते, तिला बोलू दे, मी फिर्यादीच्या बाजूने बोलते. म्हणजे रीतसर चौकशी उभी राहते.

हेलनचा बचाव हुशारीचा आहे. पहिला दोष हेक्युबाचा, कारण पॅरिसला जन्म तिने दिला. दुसरा, स्वप्नात अपशकुन दिसूनही ते अर्भक न मारणाऱ्या म्हाताऱ्याचा. तिसरा, तीन देवींच्या भांडणाचा आणि आपणाला बक्षीस म्हणून देऊ करणाऱ्या प्रेमदेवतेचा. चौथा मेनेलेअसचा, कारण पाहुण्याला घरात ठेवून तो क्रीटला निघून गेला. शिवाय पॅरिस मेल्यावर आपण तटावरून दोर सोडून पळू पाहत होतो, पण आपल्याला बळाने अडकवून ठेवले, असेही ती सांगते. या यादीतल्या कित्येक गोष्टींत थोडेथोडे तथ्य आहे. नाही ते एकच नाव, तिचे स्वतःचे.

हेक्युबा तिचे मुद्दे खोडते. देवी असल्या पोरकट नसतात, असे ती सांगते. माझा मुलगा देखणा होता, त्याचे सोने पाहून तुझे मन चळले आणि त्या मनालाच तू देवीचे नाव दिलेस, असे ती तोंडावर म्हणते. तुझे ओरडणे कोणी ऐकले? हातात दोर घेतलेली तुला कोणी धरली? मेनेलेअसला हे पटते. ही राजीखुशीने गेली, मारलीच पाहिजे, असे तो म्हणतो. पण इथे नको, घरी गेल्यावर. एकाच जहाजात नेऊ नकोस, असे हेक्युबा त्याला विनवते. पुढे काय झाले हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. होमरच्या ‘ओडिसी’ महाकाव्यात हेलन स्पार्टाच्या राजवाड्यात नवऱ्याशेजारी राणी म्हणून सुखाने बसलेली आहे.

आता प्रवेशांचा क्रम ध्यानात घ्या. अस्त्यानाक्सला आईच्या हातून नेले जाते हेलनच्या वादाच्या आधी. त्याचे प्रेत परत येते वादाच्या नंतर. म्हणजे इकडे आरोप, प्रत्यारोप, साक्षी, सारे कायदेशीर चालू असताना तिकडे तटावर मुलाचा जीव जात आहे. जिच्यावर दोष शाबीत झाला ती सुटते. ज्याच्यावर आरोपच नव्हता त्याला सुनावणी नाही. आणि ज्या सभेने हे ठरविले तिचे नाव या चौकशीत एकदाही पुकारले जात नाही.

असल्या चौकश्या मी पाहिल्या आहेत. एका कारखान्यात यंत्राच्या पट्ट्यात सापडून एका कामगाराची बोटे गेली. चौकशी बसली. जॉबर म्हणाला, बदलीवाल्याने चालू यंत्र पुसायला घेतले. बदलीवाला म्हणाला, जॉबरने सांगितले म्हणून घेतले. फिटर म्हणाला, जाळी निघाल्याचे मी तोंडी कळविले होते. शेवटी ज्याची बोटे गेली त्याच्याच हाती निष्काळजीपणाचे आरोपपत्र पडले. यंत्र न थांबवता पुसावे लागेल इतके उत्पादन कोणी ठरविले होते, हा प्रश्न मी काढला तेव्हा तो चौकशीच्या कक्षेबाहेरचा ठरला. तिन्ही माणसे थोडीथोडी खरे बोलत होती. तिघांचे मिळून जे झाले ते मात्र खोटे होते, कारण चौथा माणूस खोलीत नव्हता.

यावरून कोणी असे समजू नये की, गांजलेला तो निर्दोष, असे मला म्हणायचे आहे. युरिपिडीस तसे म्हणत नाही. हेक्युबाइतके दुःख कोणाच्या वाट्याला आले नसेल. तरी वादात ती दुसऱ्या एका बाईचा जीव मागते आहे. हेलन दोषी असली तरी फौजेच्या लेखी तीही लुटीतली एक वस्तूच आहे. आणि सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. पॅरिसला लहानपणीच मारायला हवे होते, हा हेलनचा मुद्दा आणि अस्त्यानाक्सला लहानपणीच मारावे, हा ओडिसियसचा मुद्दा, हे दोन्ही मूळचे एकच. मूल पुढे काय करील याची भीती धरून त्याला आज मारायचे. ट्रॉयने दया केली म्हणून ट्रॉय जळले, असा हेलनचा हिशेब. तो मान्य केला तर ओडिसियसला दोष देता येत नाही. हेलनच्या या पहिल्या आरोपाला हेक्युबा उत्तरच देत नाही. आईने त्याला काय उत्तर द्यावे?

टॅल्थिबियसबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. तो वाईट माणूस नाही. असली कामे निर्दय माणसाला द्यायला हवीत, असे तो स्वतःच म्हणतो. मुलाचे प्रेत तो नदीत स्वतः धुतो, खड्डा खणायला स्वतः जातो. पण हुकूम तो पोहोचवतोच. मिटिलीनीला आधी गेलेल्या जहाजावरचे लोकही, असल्या कामाला जायचे म्हणून, सावकाश वल्हवीत होते. हुकूम मात्र त्यांनी नेलाच. ते शहर वाचले ते दूताच्या दयेने नव्हे. सभेने आपला ठराव आपण फिरविला म्हणून वाचले.

अस्त्यानाक्सचे प्रेत बापाच्या ढालीवर ठेवून आणतात. म्हातारी आजी त्याला सजवते. तिथेही तिच्या तोंडून हेलनचे नाव सुटत नाही. सवय अशी जात नाही. पण त्याच बोलण्यात ती एकदा नेमक्या ठिकाणी बोट ठेवते. या मुलाच्या थडग्यावर कवीने काय लिहावे, असे ती विचारते, आणि स्वतःच सांगते की, ग्रीकांनी भीतीपोटी याला मारले, हे लिहावे. ते ग्रीसला लाजिरवाणे होईल. इथे देवी नाही, स्वप्न नाही, हेलनही नाही. ज्यांनी ठरविले त्यांचे नाव, आणि त्यांचे खरे कारण.

आपल्या महाभारतातील स्त्रीपर्व ज्यांनी ऐकले आहे त्यांना गांधारी आठवेल. शंभर मुलांची प्रेते पाहिल्यावर ती शेवटी कृष्णाला धरते, कारण हे थांबविण्याची शक्ती तुझ्यात होती आणि तू थांबविले नाहीस. तिचा शाप योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल. पण जाब कोणाला विचारायचा याचे तिचे माप सरळ आहे. शक्ती ज्याच्या हाती, उत्तर त्याने द्यावे. हेक्युबाची ती थडग्यावरची ओळ याच मापाने बोलते. आणि ही ओळ ऐकत बसले होते ते लोक कोण? मेलॉसच्या ठरावाला ज्यांनी हात वर केले तेच. त्या सभेत बायकांना, गुलामांना, परक्यांना हात नव्हता. नागरिक पुरुषांना होता.

ऐकून ते सुधारले काय? इतिहास नाही म्हणतो. त्याच वसंतात सिसिलीतल्या एका शहराचे वकील ६० टॅलंट चांदी घेऊन आले आणि सभेने सिसिलीवर आरमार धाडण्याचा ठराव केला. उन्हाळ्यात आरमार गेले. त्यात १३४ युद्धनौका जमल्या. नाटकाच्या आरंभीच देवांनी ठरविले होते की, जिंकून परतणारे ग्रीक आरमार समुद्रात बुडवायचे. अथेन्सचे आरमार ४१३ मध्ये सिराक्यूज येथे नष्ट झाले, आणि ७,००० हून कमी नाहीत इतके कैदी तेथल्या दगडाच्या खाणींत कोंडले गेले. ती बातमी घरी पोहोचली तेव्हा लोक काय म्हणाले ते थ्युसिडिडीझने नोंदविले आहे. ज्या वक्त्यांनी स्वारीची शिफारस केली होती त्यांच्यावर, आणि शुभशकुन सांगणाऱ्या ज्योतिष्यांवर ते संतापले. जणू काय मत त्यांनी स्वतः दिलेच नव्हते! हेलनचाच बचाव हा. सर्वांची नावे घेतली, आपले तेवढे वगळले.

इ. स. पू. ४०५ मध्ये उरलेले आरमारही गेले. झेनोफन लिहितो की, रात्री बातमी बंदरात आली आणि आक्रोश तटाच्या कडेकडेने शहरापर्यंत चढत गेला. त्या रात्री कोणी झोपले नाही. नुसत्या मेलेल्यांसाठी ते रडत नव्हते. मेलॉसच्या, स्किओनीच्या आणि इतर अनेकांच्या बाबतीत आपण जे केले तेच आता आपल्या वाट्याला येणार, ही भीती त्यांना वाटत होती. दहा वर्षांपूर्वी ठरावात ज्याला कर्ता नव्हता त्या कृत्याचा कर्ता त्या रात्री प्रत्येक घरात जागा होता. पुढच्या वर्षी अथेन्स शरण गेले. शहर पुसून टाका, असा कोरिंथ आणि थीब्जचा आग्रह होता. स्पार्टाने तो मानला नाही. मेलॉसचे जे लोक हयात होते त्यांना त्यांचे बेट परत मिळाले. युरिपिडीस हे पाहायला राहिला नव्हता. तो ४०६ च्या सुमारास वारला.

श्रोतेहो, माझा जन्म सभांमध्ये गेला. हात वर करणे किती सोपे आणि खाली आल्यावर तो हात आपला नव्हता असे वाटणे त्याहून किती सोपे, हे मी जवळून पाहिले आहे. ठराव फसला की पुढाऱ्याला धरा, पुढारी निसटला की शेजाऱ्याला धरा, हा प्रघात आपल्याही अंगवळणी पडला आहे. म्हणून गांजलेल्यांची बाजू घेताना दोन गोष्टी पाहाव्यात, असे मला वाटते. एक, ते एकमेकांवर ढकलत आहेत तो दोष मुळात कोणाच्या अधिकारातून आला. आणि दुसरी, त्या अधिकारात आपलाही हात कुठे होता काय. मिटिलीनीचे शहर वाचले, कारण एका रात्रीत अथेन्सच्या लोकांनी हा दुसरा प्रश्न स्वतःला विचारला. मेलॉसच्या वेळी तो कोणी विचारला असल्याची नोंद नाही. पुरुषांची माणुसकी तीच, सभा तीच, मतदानाची रीतही तीच. फरक पडला तो एवढ्याच प्रश्नाने.